परीक्षेत ब्रेक लावायला सांगा

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,



दुचाकीच्या पक्क्या लायसन्सची परीक्षा कशी होते हे आपल्याला सांगायची गरज नाही. पण हे पत्र खुलं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. मैदानावर आठचा आकडा आखलेला असतो. उमेदवार पहिल्या गीअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं त्यातून फिरतो. पाय टेकला नाही आणि गाडी बंद पडली नाही, की निरीक्षक मान डोलावतात. कुठे जोडीला थोडं सरळ जाऊन वळून यायला सांगतात, कुठे हात दाखवायला लावतात. मामला चटकन आटोपतो. काही दिवसांनी कार्ड पोस्टानं घरी येतं आणि तो मुलगा दीडशे सीसीची गाडी घेऊन चारपदरी महामार्गावर चढतो. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे तिथे मोटारसायकलला ताशी ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं.

या सगळ्यात ‘जोरात ब्रेक लावून दाखव’ असं त्याला कुणीही, कधीही म्हटलेलं नसतं.

माझी मागणी एवढीच आहे, की ते म्हणा.

मी साताऱ्याचा. कॉलेजात असल्यापासून मोटारसायकल चालवतो, आणि गेली काही वर्षं रविवारी सकाळी आळीतल्या पोरापोरींना मोकळ्या मैदानावर ब्रेक लावायला शिकवतो. मी वाहतूकतज्ज्ञ नाही, माझी कुठली संस्थाही नाही. तरी त्या मैदानावर जे दिसतं ते आपल्यापर्यंत पोहोचावं असं वाटतं.

आधी आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार, म्हणजे शंभरातली ४४-४५, दुचाकीवर होती. त्याच वर्षी सप्टेंबरात उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ मोटार अपघातात गेले आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. दुचाकीवर गेलेली माणसं मात्र जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत येतात, आणि त्या चार ओळींतलं कारणही बहुतेकदा ठरलेलं असतं. ‘दुचाकीस्वाराचा ताबा सुटला.’ हा ताबा मुळात त्याच्याकडे होता का, हे तपासण्याची एकमेव सरकारी जागा म्हणजे आपलं मैदान. आणि तिथे आपण तो चालण्याच्या वेगात तपासतो.

आठचा आकडा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सिग्नलच्या गर्दीत, भाजी मंडईच्या गल्लीत तो तोल कामाला येतो. पण त्या वेगात पडलेला माणूस उठून, पँट झटकून, आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघतो आणि पुढे जातो.

‘पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील.’ आपल्याकडे गाडीची चावी हातात देताना दिला जाणारा हा पहिला सल्ला. वडील मुलाला देतात, मामा भाचीला देतो, ड्रायव्हिंग स्कूलवाला सगळ्यांना देतो. सल्ला सर्वस्वी खोटा नाही. वळणावर, खडीवर किंवा पावसात भिजलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर कुणी पुढचा ब्रेक कचकन ओढला, तर चाक लॉक होतं आणि गाडी क्षणात आडवी होते. असा एकदा पडलेला माणूस उजव्या हाताच्या लिव्हरला जन्मभर घाबरतो आणि ती भीती मुलांना वारशानं देतो. माझा गॅरेजवाला सांगतो, सर्व्हिसिंगला येणाऱ्या कित्येक गाड्यांचे मागचे ब्रेक शू झिजून संपलेले असतात आणि पुढचे पॅड जवळजवळ नवे. आमच्या मैदानावर एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘काका, हा उजवा ब्रेक कशासाठी असतो?’ ती तेव्हा रोज स्कूटरवरून हायवे ओलांडून कॉलेजला जात होती. लायसन्स होतं, पक्कं.

ब्रेक लावला की गाडीचं आणि वर बसलेल्या माणसाचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही आवळा, ते लॉक होऊन घसरतं, गाडी शेपूट हलवते, पण वेग फारसा कमी होत नाही. गाडी खरी थांबते ती पुढच्या चाकावर. हिशेब मांडून बघा. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा माणूस लिव्हर दाबल्यापासून साधारण १४ मीटरांत उभा राहतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याला याच्या दुप्पट अंतर लागतं. हा फरक एका एसटीच्या लांबीपेक्षा जास्त आहे, आणि शाळेसमोरून पळत रस्ता ओलांडणारं पोर नेमकं त्या फरकात सापडतं.

वेगाचं गणित तर आणखी फसवं. धोका दिसल्यापासून हात लिव्हरवर जाऊन दाब बसेपर्यंत एक सेकंद गेला असं धरू. ५०च्या वेगातला मुलगा त्या सेकंदासकट २८ मीटरांत थांबतो. त्याच्या शेजारून ६०नं चाललेला मित्र, तितकाच चपळ आणि तसेच ब्रेक असलेला, त्याच २८व्या मीटरवर अजून ताशी ४०च्या वेगात असतो. नुसते दहाच जास्त होते की, असं पोरं म्हणतात, तेव्हा मी त्यांना हे गणित वहीवर मांडायला लावतो. विश्वास बसायला वेळ लागतो.

ब्रेक दाबायचा असतो, ओढायचा नसतो. आधी हलका दाब, म्हणजे वजन पुढे येतं आणि टायर रस्ता पकडतो, मग आवळत जायचं. हँडल सरळ, गुडघे टाकीला, नजर लांब. जिथे धडकायची भीती आहे तिथेच बघत राहिलं तर गाडीही तिथेच जाते, म्हणून डोळे मोकळ्या जागेवर. सांगायला एवढंच. अंगात यायला कित्येक रविवार जातात. आणि एकदा अंगात आलं, की समोर रिक्षा थांबते त्या क्षणी विचार करावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, गाड्यांनाच एबीएस आलाय. आला, १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९च्या एप्रिलपासून तो सक्तीचा आहे आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय. चांगलंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही इतकंच. ब्रेक लावायचं काम माणसाचंच राहतं. बऱ्याच गाड्यांत तो फक्त पुढच्या चाकाला असतो, म्हणजे ज्या ब्रेकला हातच लावायचा नाही असं शिकवलंय, नेमका त्याच ब्रेकला. शिवाय तो चालू झाला की लिव्हर हाताखाली थरथरते. पहिल्यांदा ते जाणवलं की काहीतरी मोडलं असं वाटून पोरं लिव्हर सोडून देतात. आमच्या मैदानावर जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या खेपेला सोडतो. तिथे सोडली तर हसण्यावारी जातं.

लोक पुढचा ब्रेक टाळतात हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. तो अहवाल १९८१ साली आला. गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे, माणसंही वेगळी. पण त्यात जे सापडलं ते वाचताना मला आमची आळी दिसली. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के लोक आपलं आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. ऐनवेळी बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं, आणि पुढचा जेमतेम वापरला. हँडल वळवून अडथळा चुकवणं तर जवळजवळ कुणालाच जमलं नाही. आणि सावरायला त्यांना दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळाला होता. या अहवालाला चाळीस वर्षं होऊन गेली. जपानमध्ये आज परीक्षेत ताशी ४०च्या वेगावरून कोरड्या रस्त्यावर ११ मीटरांच्या आत गाडी थांबवावी लागते. ब्रिटनमध्ये २००९पासून ५०च्या वेगात अचानक थांबून आणि अडथळा चुकवून दाखवावा लागतो.

हर्ट यांच्या अहवालातली दुसरी गोष्ट म्हणजे, मोटारवाल्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. ‘अहो, मला दिसलाच नाही’ हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक अपघाताच्या जागी ऐकू येतं आणि लोक ते थाप समजून अंगावर धावून जातात. पुष्कळदा ते खरं असतं. लहान आकाराची वस्तू डोळ्यांना आहे त्यापेक्षा लांब आणि हळू येतेय असं वाटतं. त्यातून मोटारीच्या काचेशेजारचा खांब अख्खी मोटारसायकल झाकू शकतो. म्हणून गल्लीतून मोटारीचं नाक बाहेर आलं, की ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही, तो आपल्याकडे बघत असूनही आपण त्याला दिसलेलो नसू. तिच्या पुढच्या चाकाकडे बघावं. गाडी हलणार असेल तर आधी चाक सांगतं. बोटं ब्रेकवर आलेली असावीत, हॉर्नवर नव्हे. २०१७पासून नव्या दुचाक्यांचा दिवा दिवसाही चालू राहतो तो दुचाकी दिसावी यासाठीच. तरी अजून समोरून येणारे परोपकारी लोक हाताची मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असं कळवतात. आपल्या विभागानं या एका गैरसमजावर एखादी जाहिरात करायला हरकत नाही.

ट्रकच्या डाव्या बाजूबद्दल मात्र जाहिरात पुरणार नाही, ते शिकवायलाच हवं. शहरात डंपर आणि सिमेंटचे मिक्सर वाढलेत. असं लांब वाहन डावीकडे वळण्याआधी कधी कधी किंचित उजवीकडे जातं, डावीकडे फट पडते आणि दुचाकीवाला त्या फटीत शिरतो. मग ट्रक वळतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, ती आतून कट घेतात. तेवढ्यात ती फट नाहीशी होते. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर आपण त्याच्यासाठी तिथे नाहीच, हे प्रत्येक उमेदवाराला एकदा ट्रकच्या केबिनमध्ये बसवून दाखवता येईल. मैदानावर एक उभा ट्रक लागेल, बाकी काही नाही. मी एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून हे करून घेतलं. पोरं वर चढली, आरशात बघितलं, खाली उभे असलेले चौघे मित्र त्यांना दिसेनात. त्यानंतर मला भाषण करावं लागलं नाही.

आमच्या भागात आणखी एक प्रकरण आहे आणि ते आपल्या अखत्यारीतलं आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला, की सातारा, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला, ऊस मागे हातभर बाहेर आलेला. समोरून अप्परवर येणाऱ्या गाडीनं डोळे दिपतात आणि ती गेल्यावरच्या काळोखातून ट्रॉली एकदम पुढ्यात उभी राहते. डिपरचा उजेड जेमतेम तीस-चाळीस मीटर पडतो. ताशी ६०नं चाललेल्याला थांबायला, विचाराच्या सेकंदासकट, ३६-३७ मीटर लागतात. ८०नं चाललेल्याला ५७. म्हणजे रात्री ८०नं जाणारा माणूस जे अजून दिसलेलंच नाही त्यावर आदळायला निघालेला असतो, आणि त्यात जगातला उत्तम ब्रेकसुद्धा त्याला वाचवू शकत नाही. पंक्चर झालेल्या ट्रॉलीभोवती लावलेले दगड तर ट्रॉली गेल्यावरही तिथेच राहतात. कारखान्याच्या गेटवर मागचा दिवा नसलेली ट्रॉली आत घेऊ नका, एवढा आदेश हंगामाआधी निघाला आणि पाळला गेला, तर इकडची बरीच घरं आपल्याला दुवा देतील.

हेल्मेटबद्दल मी फार लिहीत नाही. त्या विषयावर पुण्यानं मोर्चे काढून झालेत, विनोद करून झालेत. २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक लोक गेले, एवढं सांगतो. घाला, आयएसआयचं घाला, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. पण मला खटकतं ते असं, की सुरक्षेची आपली सगळी मोहीम हेल्मेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हेल्मेटचं काम आदळल्यानंतर सुरू होतं. त्याआधीच्या दोन सेकंदांचं काय करायचं हे कुठल्याच फलकावर नसतं.

आता आपल्या टेबलावर या मागणीची फाइल गेली, तर तिच्यावर काय शेरे पडतील याचा अंदाज आहे. पहिला शेरा, नियमात तरतूद नाही. आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १५ उमेदवाराला काय काय करता आलं पाहिजे याची यादी देतो. त्यात आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबवता येणं स्पष्ट लिहिलेलं आहे.   त्यामुळे कायदा बदलायला दिल्लीला जावं लागणार नाही. मैदान आपलं आहे, निरीक्षक आपले आहेत.

दुसरा शेरा जागेचा. शंभर मीटरची सरळ पट्टी लागेल, तीही नसेल तर ३०च्या वेगानं सुरुवात करा, साठ-सत्तर मीटरांत भागेल. खडूची एक रेघ, त्यापुढे थांबण्याची दुसरी रेघ. तिसरा शेरा, उमेदवार पडले तर जबाबदार कोण. काही जण पडतील हे खरं आहे. हेल्मेट, हातमोजे, ३०चा वेग आणि आसपास कुणी नाही, अशा ठिकाणी पडतील. ते आज जिथे पडतात तिथे मागून ट्रक येत असतो.

चौथा शेरा कुणी लिहिणार नाही, पण तोच सर्वांत जड आहे. परीक्षा अवघड झाली तर नापासांची संख्या वाढेल, खेड्यातल्या पोराला, घरोघर डबे आणि पार्सलं पोचवणाऱ्याला, दूध घालणाऱ्याला दोन-तीन खेपा माराव्या लागतील, एजंटांचे भाव वाढतील. ही भीती मी मोडीत काढणार नाही, कारण ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांचा एक बुडालेला दिवसही महाग असतो. म्हणून परीक्षेआधी शिकण्याची सोय हवी. शिकाऊ लायसन्स आणि पक्कं लायसन्स यांत किमान तीस दिवसांचं अंतर कायद्यानंच ठेवलंय. ते तीस दिवस आज कोरे जातात, बरेच जण त्या काळात सर्रास एकटे रस्त्यावर फिरतात. त्यातल्या एका सकाळी आपल्याच मैदानावर, फी न घेता, सरावाची पट्टी खुली ठेवा. शिकवायला प्रत्येक जिल्ह्यात माझ्यासारखे हौशी लोक मिळतील, पोलीस दलातून निवृत्त झालेले मोटारसायकलस्वार मिळतील. दुचाकी बनवणाऱ्या कंपन्या याच राज्यात वाढल्या, त्यांनाही हाक मारून बघा. एकदा सराव झाला की नापास होणाऱ्यांची संख्या आपल्याला वाटते तेवढी राहणार नाही. आमच्याकडची बहुतेक पोरं दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी रेघेच्या आत थांबायला लागतात. सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो माझ्या वयाच्या माणसांना, ज्यांच्या डोक्यात तो जुना सल्ला पक्का बसलाय.

त्यावरून आठवलं. चाळिशी ओलांडलेल्यांना लायसन्सचं नूतनीकरण करताना डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. नजर बघतात, कान बघतात. ब्रेक लावता येतो का, हे तेव्हाही कुणी विचारत नाही. माझं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. तोवर साताऱ्याच्या मैदानावर पट्टी आखून झाली, तर पहिल्या दिवशी मला बोलवा. गाडी माझी, हेल्मेट माझं. खडूची रेघ तेवढी आपली.

कळावे,

आपला,
एक दुचाकीस्वार, सातारा